नवव्या थरात ड्रम नाहीत

ठोक्या : पुढचं वाच.

खर्ज्या : पुरे आता. आधी बॅग खाली ठेव.

ठोक्या : बॅग खांद्यावर असली की निघाल्यासारखं वाटतं. बरं वाटतं. वाच.

खर्ज्या : ‘ओला टॉवेल’ म्हणून कुणीतरी आहे. “ड्रम अँड बेस आवडतं म्हणून हा अल्बम लावला. गाण्यांना हे ‘थर’ म्हणतात. पहिले आठ थर म्हणजे दोन माणसं लोखंडी कपाट जिन्यावरून उतरवतायत आणि कपाट जिंकतंय.”

ठोक्या : हे चांगलं आहे.

खर्ज्या : ह्यात चांगलं काय?

ठोक्या : कपाट म्हणजे माझे ड्रम. जिंकतायत. पुढे?

खर्ज्या : “पण नववा थर ऐकला आणि मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडलो.”

ठोक्या : पुढचा.

खर्ज्या : अर्धा तारा. “लहानपणी मी पातेली अशीच वाजवायचो. आईने काढून घेतली. ह्या दोघांच्या आया कुठे आहेत?”

ठोक्या : माझी घरीच आहे. तिचंही मत आलंय काल.

खर्ज्या : काय म्हणाल्या मावशी?

ठोक्या : “शेवटचं छान आहे रे. तू घरी असलास की असंच असायला हवं.”

खर्ज्या : अरे, त्यांचं काय मनावर घेतोस!

ठोक्या : मनावर नाही, खांद्यावर घेतलंय. वाच.

खर्ज्या : हा मोठा आहे. समीक्षक दिसतोय, एकाही वाक्यात श्वास घेतलेला नाही. “‘भूगर्भ’ हा अल्बम जमिनीच्या वरच्या पापुद्र्यापासून निघतो आणि एकेक थर खोल उतरत पृथ्वीच्या गाभ्याला भिडतो. आठ थर आपण ड्रमच्या माऱ्याखाली चेंगरत जातो आणि गाभ्यात पोचतो तर काय? ड्रम नाहीत! नुसता बेस. एका ड्रमरने अल्बमच्या कळसाला स्वतःला पुसून टाकणं, ह्याला छाती लागते.”

ठोक्या : छाती.

खर्ज्या : छाती म्हणालाय.

ठोक्या : आणि ठकठकीचं?

खर्ज्या : ते राहू दे.

ठोक्या : वाच म्हटलं ना.

खर्ज्या : “मग लांबून, जणू पृथ्वीच्या पलीकडून, ठकठक येते. दोन ठोके जवळजवळ. आणि तिसरा येईपर्यंत माणूस म्हातारा होतो. हा तिसरा ठोका म्हणजे ह्या ड्रमरच्या आयुष्याची कमाई आहे.”

ठोक्या : झाडूचा दांडा आहे तो.

खर्ज्या : माहितीये.

ठोक्या : खालच्या काकू. झाडूच्या दांड्याने छत ठोकत होत्या. आणि माझ्या आयुष्याची कमाई म्हणून जमा झालं.

खर्ज्या : हे बघ, लोकांना आवडलंय. आठ थरांवरून मारामाऱ्या चालल्यात, अर्धे म्हणतायत महान, अर्धे म्हणतायत डोकं दुखतं. एकाचा कुत्रा घर सोडून गेला. परत आला, पण आता भिंतीकडे तोंड करून बसतो. नवव्या थरावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. म्हणून तर आजचा कार्यक्रम मिळाला. हॉल भरलाय. ते नववं ऐकायला येतायत.

ठोक्या : तेच विचारतोय सकाळपासून. नववं चौदा मिनिटांचं आहे. चौदा मिनिटं मी हातांचं काय करू?

खर्ज्या : मांडीवर ठेव.

ठोक्या : दोन्ही?

खर्ज्या : डोळे मीट. लोकांना वाटेल, तू आतल्या आत वाजवतोयस.

ठोक्या : मी आतल्या आतच वाजवलं होतं! तोच तर घोळ झालाय.

खर्ज्या : ओरडू नकोस. काकू झोपल्या असतील.

ठोक्या : बघ. आत्तासुद्धा. बघ तुझा पाय कुठे गेला.

खर्ज्या : कुठे?

ठोक्या : पेडलवर. मी ओरडलो आणि तू पेडल दाबलंस.

खर्ज्या : सवय आहे रे. सहा वर्षांची सवय.

ठोक्या : सांग. त्या दिवशी काय झालं ते पुन्हा एकदा सांग. हळूहळू. मला कुठे राग येतो ते बघायचंय.

खर्ज्या : किती वेळा? ठरलं काय होतं, की नववा थर एका दमात वाजवायचा, खोलीच्या मधोमध एकच माईक. खोलीत जे वाजेल ते रेकॉर्ड होईल. जिवंत.

ठोक्या : कल्पना कुणाची?

खर्ज्या : माझी. मी बेस सुरू केला. मिनिटभर एकटा बेस, मग तुझे ड्रम यायचे होते. तेवढ्यात खालून ठकठक आली. काकूंनी ठोकलं की मी काय करतो?

ठोक्या : काकू-पेडल दाबतोस.

खर्ज्या : ते बसवलंच त्यासाठी. तुझे ड्रम इलेक्ट्रॉनिक, दाबलं की त्यांचा स्पीकर बंद. काकू शांत. तुला हेडफोनमध्ये सगळं ऐकू येत राहतं, तुझा हात थांबत नाही, सराव चालू. तूच म्हणाला होतास, काय डोकं आहे तुझं.

ठोक्या : सरावाला. सरावाला म्हणालो होतो! मी त्या दिवशी हेडफोन लावून बसलोय. कानात माझे ड्रम, तुझा बेस, सगळं आकाशात चाललंय. घामाने बनियन पिळून काढावं लागलं. असं मी जन्मात वाजवलं नव्हतं. आणि खोलीत काय वाजत होतं?

खर्ज्या : बेस.

ठोक्या : आणि?

खर्ज्या : काकू.

ठोक्या : आणि रबरी पॅडवर माझ्या काठ्या. सुक्या. त्याबद्दल काय लिहिलंय त्या एकाने? ‘उदास कासव’?

खर्ज्या : नको ना.

ठोक्या : मला पाठ आहे. “मागे कुठेतरी एक उंदीर कागद कुरतडतोय, असा अतिशय नाजूक पोत.” तो उंदीर मी आहे.

खर्ज्या : त्याने पाच तारे दिलेत.

ठोक्या : उंदराला.

खर्ज्या : मग तू ऐकलं का नाहीस नंतर? पाठवण्याआधी एकदा ऐकायचं होतंस.

ठोक्या : कारण वाजवताना ऐकलं होतं. त्याच्याहून चांगलं पुन्हा ऐकू येणार नाही म्हणून. तुला सांगितलं होतं, तू ऐक आणि दे पाठवून. तू म्हणालास, झकास आहे.

खर्ज्या : हो.

ठोक्या : हो म्हणजे?

खर्ज्या : म्हणालो होतो.

ठोक्या : ऐकून म्हणालास की न ऐकता?

खर्ज्या : चहा टाकू का?

ठोक्या : खर्ज्या.

खर्ज्या : ऐकून.

ठोक्या : पूर्ण?

खर्ज्या : तीनदा.

ठोक्या : ड्रम नाहीत हे पहिल्यांदा कळलं की तिसऱ्यांदा?

खर्ज्या : पहिल्यांदा.

ठोक्या : मग उरलेल्या दोनदा कशाला ऐकलंस? येतील म्हणून वाट बघत होतास?

खर्ज्या : मला रडू आलं.

ठोक्या : ड्रम नाहीत म्हणून.

खर्ज्या : चांगलं होतं म्हणून.

ठोक्या : अच्छा.

खर्ज्या : तसं नाही रे. ऐक तरी. सहा वर्षांत मला पहिल्यांदा माझा बेस ऐकू आला. तुझा हात एकदा सुरू झाला की मी कुठे असतो? लोक म्हणतात, पोटात काहीतरी हललं. ते मी असतो. पण कुणाला माहीतच नसतं की ते मी आहे, त्यांना वाटतं जेवण बाधलं. मी इथे बसून ऐकलं आणि म्हटलं, अरे, हा माणूस बरा वाजवतो. मग म्हटलं उद्या सांगू. उद्या पाठवायचं होतं, पाठवलं. मग परवा ते सांगण्यासारखं राहिलं नाही. त्यानंतर लोक रडायला लागले बाथरूममध्ये.

ठोक्या : म्हणजे सहा वर्षं मी तुझ्या खिडकीसमोर उभा होतो. उजेड अडवून.

खर्ज्या : असं मी म्हणालो का?

ठोक्या : खिडकीवरून आठवलं. सोमवारपासून दाजींकडे लागतोय.

खर्ज्या : कुठे? त्या खिडक्यांच्या कंपनीत? तू?

ठोक्या : आवाज आत येऊ न देणाऱ्या खिडक्या. ताईने शब्द टाकला. दाजी म्हणाले, ये, तुझ्या हातातल्या कलेचा उपयोग करून घेऊ.

खर्ज्या : काच बसवणार?

ठोक्या : नाही. गिऱ्हाईक आत सोफ्यावर बसतं. दाजी खिडकी लावतात. मी बाहेर उभा राहून जीव तोडून ड्रम वाजवायचे. आत काहीच ऐकू येत नाही. गिऱ्हाईक खूश.

खर्ज्या : थट्टा करतोयस.

ठोक्या : चाचणी देऊन आलो काल. एक बाई काचेतून माझ्याकडे बघत बिस्कीट खात होत्या. मला वाटलं, हे मी आधी कुठेतरी केलंय. मग लक्षात आलं. नववा थर. फरक एवढाच की तिथे पगार आहे.

खर्ज्या : हे बघ, पाया पडतो तुझ्या. संध्याकाळपुरता ये. नुसता बस. ड्रमर दिसला नाही तर लोकांना कसं कळणार की ड्रम नाहीत?

ठोक्या : माझ्या जागी काकूंना ने. कमाई त्यांची आहे.

खर्ज्या : खरं सांगू? हे माझ्या मनात येऊन गेलं.

ठोक्या : बघ! बघ कसा आहेस!

काकू : दार उघडंच होतं म्हणून आले. काय रे, एवढा आरडाओरडा? कुणाचं काही झालं का?

खर्ज्या : नाही काकू. सॉरी. तुमची झोप मोडली.

काकू : मोडायला लागायला हवी ना आधी. आठवडा झाला, ह्या खोलीतून हूं नाही की चूं नाही. हा बॅग घेऊन कुठे निघालाय?

ठोक्या : कायमचा, काकू.

काकू : बरं, तो पुढचा प्रश्न. आधी मला हे सांगा. काल माझ्या भाचीने मोबाईलवर तुमची ती लांबलचक भानगड ऐकवली. म्हणे, मावशी, तुझ्या डोक्यावरची मुलं, सगळे डोक्यावर घेतायत त्यांना. शेवटचं ऐक म्हणाली. ऐकते तर काय, माझा झाडू!

खर्ज्या : काकू, ते चुकून...

काकू : मी ओळखला लगेच. दोन ठोके जवळ, तिसरा लांब. तिसऱ्या ठोक्याला माझा खांदा धरतो. डॉक्टरांनी हात वर करायला मना केलंय.

ठोक्या : ऐकलंस? माणूस म्हातारा होतो तिथे. खांदा धरतो म्हणून.

काकू : भाची म्हणते, माझं नाव घालायला हवं होतं. मी म्हटलं, नाव राहू दे गं, पण त्या पोरांना एकदा विचारून येते, की बाबांनो, माझी ठकठक ठेवलीत आणि ड्रम कुठे टाकलेत?

ठोक्या : काय म्हणालात?

काकू : ड्रम रे. तुझे. ते शेवटच्यात असतात ना? महिनोन्‌महिने तेच तर चाललं होतं दुपारचं. ते यात नाहीतच. नुसतं आपलं घुंऽऽ. राग मानू नकोस हं.

खर्ज्या : नाही मानत.

काकू : तुझ्या त्या घुंऽऽ ने आमच्या ह्यांचे कॅरमचे कप सरकतात शोकेसमध्ये. एकटं सुरू झालं की निघाले काठाकडे, सगळे रांगेत. एक पडून कान तुटला त्याचा. ड्रम असले की बिचारे जागच्या जागी नाचतात.

खर्ज्या : पण काकू, तुम्हीच तर ड्रम बंद करा म्हणून ठोकता.

काकू : पहिल्या वर्षी ठोकायचे. तेव्हा भयंकर वाजवायचा हा. मग कान बसले म्हण, नाहीतर ह्याचा हात बसला म्हण. आता मला त्याशिवाय दुपारी डोळा लागत नाही. मधेच थांबलं की खाडकन जाग येते. बसमध्ये कसं, चालू आहे तोवर झोप, थांबली की मान वर. तसं.

खर्ज्या : मग ठोकता कशाला?

काकू : सुरू करा म्हणून!

खर्ज्या : सुरू.

काकू : तुझं घुंऽऽ एकटं चाललं की ठोकायचे, अरे, त्याला बोलाव आता. तर मेलं उलटंच. ठोकलं की जे हवं ते बंद आणि नको ते चालू. मला वाटायचं, पोरांना ऐकूच जात नाही. मग आणखी जोरात.

ठोक्या : खर्ज्या, तुझ्या पायाखालचं ते उचल आणि काकूंना दाखव.

खर्ज्या : काकू, हे पेडल. तुम्ही ठोकलं की मी हे दाबायचो. ह्याने ड्रम बंद होतात.

काकू : अगंबाई. मुद्दाम विकत आणलंत?

खर्ज्या : घरी बनवलं. तुम्हाला त्रास नको म्हणून.

काकू : एक जिना आहे रे मधे. एवढासा जिना. येऊन विचारता आलं नाही?

खर्ज्या : तुम्हालाही आलं नाही, काकू.

काकू : माझे गुडघे आहेत. तुमचं काय आहे?

ठोक्या : काकू, त्या दिवशी, म्हणजे हे रेकॉर्ड झालं त्या दिवशी, तुम्ही खूप वेळ ठोकत होता.

काकू : ठोकणार नाही तर काय! गादीवर पडून वाट बघतेय. आता येतील, आता येतील. मधेच वाटलं आले, कान देऊन ऐकलं तर उंदीर निघाला.

ठोक्या : आलो होतो, काकू. हेडफोनमध्ये.

काकू : आता ते मला कसं कळावं? आणि त्यात तो एक प्रकार असतो ना तुझा. कुणीतरी जिना उतरतंय, एक पायरी चुकतं आणि तरी पडत नाही. तिथे मी रोज उशी धरायचे. तेही नाही यात.

ठोक्या : ते नवव्यातलंच आहे. बसवायला वर्ष गेलं. कुणी ऐकलेलंच नाही ते.

काकू : म्हणजे मी कोण मग?

खर्ज्या : काकू, लोकांना हे असंच आवडलंय पण. ड्रम नसलेलं.

काकू : आवडू दे की. त्यांनी दुसरं ऐकलंय कुठे? चला, मला काही इथे उभं राहवत नाही. मी खाली जाऊन पडते. तू वाजव.

ठोक्या : काकू, मी खरंच निघालोय. दाजींकडे नोकरी धरलीये.

काकू : दाजी कुठे पळून जातात का? जा सावकाश. आधी वाजव. आठवडाभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. आणि तू रे, ते पायाखालचं खिशात घाल, नाहीतर गळ्यात घाल. पाय लांब ठेव.

खर्ज्या : हो काकू.

काकू : दार ओढून घेते. त्या पायरीपाशी नीट चूक हं, घाई करू नकोस.

(जिना उतरणारी पावलं. खाली दार लागतं. बॅग जमिनीवर टेकते. थोड्या वेळाने ड्रम सुरू होतात. पुढचं बोलणं त्यावरच.)

खर्ज्या : मी कुठून धरू?

ठोक्या : तुझं तू धर. विचारू नकोस.

खर्ज्या : संध्याकाळी हे असं वाजवलंस तर लोक खुर्च्या फेकतील. शांतता ऐकायला येतायत ते.

ठोक्या : फेकू देत. खुर्ची पडली की आवाज होतो. खोलीत होतो, हेडफोनमध्ये नाही.

खर्ज्या : म्हणजे येतोयस?

ठोक्या : पेडल इथे राहील.

खर्ज्या : राहील. आणि सोमवार?

ठोक्या : सोमवारी खिडकी आहेच. आज शनिवार आहे. तुझा बेस ऐकू येतोय का तुला?

खर्ज्या : थोडा.

ठोक्या : थांब, काठी हलकी धरतो. आता?

खर्ज्या : आता येतोय. ती पायरी आली ना रे आत्ता?

ठोक्या : गेली. चुकलो.

खर्ज्या : पडला नाहीस.

ठोक्या : नाही.

खर्ज्या : खालून काही ठोकलं नाही अजून.

ठोक्या : झोपल्या असतील. थांबू नकोस, जाग येईल.